एका ठेंगण्या डोंगराची कैफियत

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या एका स्नेह्यांना घेऊन मी गार्थवर गेलो होतो. बरोबर वहिनी होत्या आणि त्यांची दहा वर्षांची कन्या होती. माथ्यावर पोचल्यावर स्नेह्यांनी कमरेवर हात ठेवले, चहूकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "हं! म्हणजे संपलं? अहो, ही तर टेकडीच आहे!"

'टेकडी' या शब्दाचा मला राग नाही. शब्द गोड आहे. मला झोंबला तो त्याच्या शेपटीला चिकटलेला 'च'. परंतु घरी आलेल्या पाहुण्याशी वाद घालू नये अशी आमच्या घरची शिकवण आहे. मी त्यांना थर्मासमधला चहा दिला, वहिनींनी चकल्यांचा डबा उघडला आणि विषय तेथेच मिटला. पाहुणे सुखरूप पुण्याला पोचल्याचे कळले, आणि मग मी हा लेख लिहायला बसलो.

आधी ज्याच्यावर ठेंगणेपणाचा आरोप आहे त्याची ओळख करून देतो. वेल्स देशाची राजधानी कार्डिफ. (वेल्सला मी देश म्हणतो. इंग्लंडचा एक कोपरा म्हणणाऱ्याने येथे येऊन तसे म्हणून पाहावे!) कार्डिफमधून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पाव तासात टाफ्स वेल नावाचे स्टेशन येते. टाफ ही नदी. वेल्श लोक तिला 'ताव' म्हणतात आणि गावाला 'फनन ताव', म्हणजे तावचा झरा. झरा खरोखरच आहे आणि तो कोमट आहे. त्याचे पाणी बाराही महिने सुमारे २१ अंश असते. सबंध वेल्समध्ये असा नैसर्गिक कोमट झरा हा एकच. एकोणिसाव्या शतकात संधिवाताचे रोगी त्यात बसायला येत. नदी ओलांडून पलीकडच्या उतारावर गेले की दगडी घरांचे एक गाव लागते. त्याचे नाव ग्वायलोद-अ-गार्थ. अर्थ अगदी सरळ आहे: गार्थचा पायथा. आणि त्या गावाच्या डोक्यावर जो हिरवा-तपकिरी पाठीचा डोंगर उभा आहे तो आमचा गार्थ. उंची ३०७ मीटर.

आता आमच्या स्नेह्यांचा पूर्वपक्ष मांडतो, आणि प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, आमचे कळसूबाई १,६४६ मीटर. साऱ्या ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, ते १,३४५ मीटर. वेल्समधले सर्वांत उंच शिखर १,०८५. तेव्हा सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने तीनशे मीटरचे कौतुक ते काय करायचे?

हिशोब बिनचूक आहे. पण मग तो शेवटपर्यंत न्यावा! पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर वसले आहे. म्हणजे आमचे स्नेही सदाशिव पेठेत गादीवर आडवे होऊन वर्तमानपत्र वाचत असतात, तेव्हाही ते गार्थच्या माथ्यापेक्षा अडीचशे मीटर उंचावर असतात. उंची हाच जर पराक्रम असेल, तर पुणेकराला घराबाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. पुणेकरांना हे मत मान्य होण्याचा धोका आहे, हे मी जाणतो. पण विनोद बाजूला ठेवू. समुद्रसपाटीपासूनचा आकडा डोंगराबद्दल फारच थोडे सांगतो. गार्थ जवळजवळ समुद्राकाठच्या मैदानातून उठतो. पायथ्याशी नदी आहे आणि नदीपासून माथ्यापर्यंतची चढण आपल्या दोन पायांनी मोजावी लागते. गावातून वर निघणारा रस्ता असा उभा आहे की शहाणा माणूस त्यावर बोलत नाही. आमचे स्नेहीसुद्धा त्या चढावर वीस मिनिटे गप्प होते. पुण्याहून आल्यापासूनची ती सर्वांत मोठी शांतता. गार्थच्या बाजूने हा माझा पहिला पुरावा.

चढ संपला की बीचच्या झाडांची सावली सुटते आणि उघडे रान लागते. कमरेइतके नेचे वाढलेले असतात. मधून मधून काटेरी झुडपांवर पिवळ्याधमक फुलांचा बहर असतो. मेंढ्या माणसाकडे पाहतात, आणि हा काही कामाचा नाही असे ठरवून पुन्हा चरू लागतात. चंडोल कोठे तरी वर, दिसणार नाही इतक्या उंच, गात असतो. मग पाठ एकदम सपाट होते आणि वारा तोंडावर येतो. दक्षिणेला खाली कार्डिफ पसरलेले असते. त्याच्या पलीकडे ब्रिस्टलच्या खाडीचे करड्या रंगाचे पाणी आणि त्यात दोन बेटे. त्यांतले चपटे बेट ते फ्लॅट होम. १८९७ च्या मे महिन्यात मार्कोनीने समुद्रावरून बिनतारी संदेश पाठवून दाखवला, तो त्या बेटावरून या काठाला. पूर्वेला, नदीच्या खिंडीपलीकडे, गर्द झाडीतून लाल किल्ल्याचे टोकदार बुरूज वर येतात. त्याचे नाव कास्तेल कोख, म्हणजे लाल किल्लाच! कोळशावर गबर झालेल्या ब्यूटच्या उमरावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या भग्न गढीवर तो हौसेने बांधवून घेतला. आणि उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तर, ८८६ मीटरच्या पेन-अ-फानची निळसर रांग दिसते. एका माथ्यावरून राजधानी, समुद्र, किल्ला, कोळशाची खोरी आणि मोठे डोंगर असे सगळे दिसते. ज्याला सगळे दिसते त्याला आपण ठेंगणा म्हणतो, याची मला गंमत वाटते.

पण 'टेकडी की डोंगर' हा वाद मी उकरून काढलेला नाही. तो गार्थच्या नशिबी पूर्वीच आलेला आहे. १९९५ साली एक इंग्रजी चित्रपट निघाला. त्याचे लांबलचक नाव मराठीत सांगायचे तर 'टेकडीवर चढलेला आणि डोंगरावरून उतरलेला इंग्रज' असे होईल. दिग्दर्शक क्रिस्टफर माँगर हे याच टाफ्स वेल गावचे. आजोबांकडून ऐकलेली गोष्ट त्यांनी पडद्यावर आणली. साल १९१७, महायुद्धाचा काळ. दोन इंग्रज मोजणीदार एका वेल्श खेड्यात येतात. गावकऱ्यांना अभिमान असा की, आमचा डोंगर हा वेल्समधला पहिला डोंगर. मोजणीदार मोजतात आणि सांगतात, हजार फुटांना थोडा कमी पडतो, तेव्हा नकाशात त्याची नोंद टेकडी म्हणून होईल. सारे गाव पेटून उठते. बायाबापड्या, पोरेबाळे, युद्धातून खचून परतलेला शिपाई, म्हातारा पाद्री, सगळे बादल्या-टोपल्यांतून माती वाहतात, माथ्यावर ढीग रचतात आणि डोंगराला हजार फुटांपलीकडे नेतात. पाद्री त्या श्रमाने माथ्यावरच प्राण सोडतो आणि त्याला तेथेच मूठमाती देतात.

चित्रपट चांगला आहे. घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा असा आहे. परंतु गोष्ट ती गोष्टच. गार्थच्या माथ्यावर मातीचा उंचवटा खरोखर आहे, आणि मोजणीखात्याचा खांबही त्यावरच उभा आहे. पण ती माती १९१७ सालची नाही. तो ब्राँझयुगातला दफनाचा ढिगारा आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या आसपास तसेच आणखीही उंचवटे आहेत. म्हणजे माणसांनी माती वाहून गार्थची उंची वाढवली हे अक्षरशः खरे आहे. फक्त ती कुणा साहेबाच्या वहीत नोंद व्हावी म्हणून वाढवली नाही. आपले माणूस गेले, त्याला गावातल्या सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावे, म्हणून वाढवली. आज गार्थच्या अगदी शेवटच्या पावलाला आपण जे चढतो ते कुणाच्या तरी मायेचे ओझे आहे. मोजणीदाराच्या आकड्यात तेही धरलेले आहे, पण आकड्याला ते ठाऊक नाही.

आणि हा आकड्यांचा पोरखेळ केवळ चित्रपटातला आहे असे समजू नका. उत्तर वेल्समध्ये मनिद ग्राइग गोख नावाचा एक डोंगर आहे. हल्ली बऱ्याच याद्यांमध्ये दोन हजार फूट ही डोंगराची रेघ मानतात. नकाशात हा बिचारा १,९९८ फुटांवर अडकला होता. २००८ साली तीन हौशी गिर्यारोहकांनी उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी यंत्रे वर नेऊन त्याची नव्याने मोजणी केली आणि तो दोन हजार फुटांहून सहा इंच जास्त भरला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या: टेकडीचा डोंगर झाला! मी विचारतो, त्या रात्री डोंगरावर काय बदलले? मेंढ्यांनी जास्त अदबीने चरायला सुरुवात केली काय? वीतभर मातीसाठी डोंगरपण येते आणि वीतभर मातीसाठी जाते, तर तो डोंगराचा गुण नव्हे, यादीचा आहे.

यातला खरा विनोद कुणाच्या फारसा ध्यानात आला नाही. 'मनिद' या वेल्श शब्दाचा अर्थच डोंगर! त्या डोंगराचे नाव शतकानुशतके 'लाल खडकाचा डोंगर' असेच होते. जे लोकांनी कधीच सांगून ठेवले होते ते ओळखायला यंत्राला २००८ साल उजाडावे लागले. गार्थचेही तसेच. इंग्रजीत तो गार्थ हिल, म्हणजे टेकडी. वेल्शमध्ये तो 'मनिद अ गार्थ', म्हणजे डोंगर. टेकडीला वेल्शमध्ये 'ब्रिन' हा वेगळा शब्द आहे आणि तो हवा तेथे वापरतातही. पायथ्याच्या माणसांनी तो शब्द गार्थला लावला नाही. खटल्याचा निकाल भाषेने दिलेला आहे. मी केवळ त्याची नक्कल काढून वाचकांपुढे ठेवतो.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे टेंगूळ आहे, टेकडी आहे, डोंगर आहे, सुळका आहे, गड आहे, पर्वत आहे. यांतला कोणता शब्द कोठे लावायचा हे आपण काय फूटपट्टीने ठरवले? पुण्याच्या पर्वतीला पर्वती म्हणताना पेशव्यांनी उंची विचारली नाही. जेथे देव बसला, जेथे रोज पायऱ्या चढल्या गेल्या, ती पर्वती. कळसूबाई थोर, ती १,६४६ मीटर आहे म्हणून नव्हे. ती 'बाई' आहे, कुणाची तरी लेक आहे, म्हणून नवरात्रात लोक तिच्या भेटीला चढतात. आकडा तिला साहेबाने मागाहून चिकटवला.

साहेबाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्यांचे नाव आहे त्या जॉर्ज एव्हरेस्ट साहेबांच्या घराण्याची जमीन याच वेल्समध्ये, क्रिकहॉवेल गावाजवळ ग्वेर्नवेल येथे होती. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत त्यांनी हयात घालवली. पुढे राधानाथ सिकदारांच्या गणिताने 'शिखर क्रमांक १५' सर्वांत उंच ठरले आणि एव्हरेस्ट साहेबांच्या जागी आलेल्या वॉ साहेबांनी १८५६ साली त्याला आपल्या गुरूचे नाव सुचवले. खुद्द एव्हरेस्ट यांनी हरकत घेतली. माझे नाव तेथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. तरी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते कायम केले. तिबेटी लोकांचे चोमोलुंगमा हे नाव त्यापूर्वीच युरोपातल्या एका नकाशावर छापले गेले होते. म्हणजे डोंगर मोजणाऱ्याने डोंगराचे नाव घ्यायचे, ही चाल जगातल्या सर्वांत मोठ्या पर्वतालाही चुकली नाही. तेथे गार्थची काय कथा!

वेल्सच्या सर्वांत उंच शिखराचेही असेच झाले होते. इंग्रज त्याला स्नोडन म्हणत आले आणि आपणही भूगोलात तेच पाठ केले. त्याचे वेल्श नाव 'अर विद्वा'. २०२२ साली तेथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने यापुढे वेल्श नावच वापरायचे असे ठरवले. २०२३ साली ब्रेकन बीकन्सच्या उद्यानानेही आपले वेल्श नाव पुढे आणले. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. उच्चार जमत नाही, परदेशी प्रवासी गोंधळतील, वगैरे वगैरे. ज्या भाषेत 'ळ' आहे त्या भाषेच्या माणसाने या तक्रारीला हसावे की रडावे? साहेबाला 'ळ' म्हणता येईना, म्हणून काय आपण खंडाळ्याचा 'ळ' टाकून दिला? २०२१ च्या शिरगणतीत वेल्श येते असे सांगणारे शंभरात अठरासुद्धा भरले नाहीत. अशा भाषेने आपल्या डोंगराला आपल्या नावाने हाक मारायची म्हटली तर ती चैन नव्हे, तो जीव वाचवण्याचा प्रयत्न आहे.

आणि 'अर विद्वा'चा अर्थ काय? दफनाचा ढिगारा! त्या शिखराखाली रिता नावाचा राक्षस पुरला आहे अशी दंतकथा आहे. म्हणजे १,०८५ मीटरच्या शिखराची नावातली मिरासदारी तीच, जी ३०७ मीटरच्या गार्थच्या माथ्यावर साक्षात मातीच्या रूपाने पडलेली आहे. थोरला भाऊ नावाने जे मिरवतो ते धाकट्याच्या अंगावर आहे. मग यांतला मोठा कोण?

"पण उंच पर्वताची भव्यता?" असे कोणी विचारील. मी ती नाकारत नाही. मी स्वतः अर विद्वावर गेलेलो आहे. वर जायला १८९६ पासून आगगाडी आहे आणि माथ्याशी २००९ साली उघडलेली उपाहाराची इमारत आहे. मी पायी गेलो. शेवटच्या खडकाशी पोचलो तो पुढे रांग! माथ्यावर उभे राहून फोटो काढून घेण्यासाठी माणसे रांगेत उभी होती. दादरला तिकिटाच्या रांगेत मी जितका वेळ घालवला आहे, तितकाच त्या वाऱ्यात उभा राहिलो. प्रत्येकाने वर जावे, हात पसरावेत, फोटो काढावा आणि उतरावे. डोंगराकडे पाठ करूनच फोटो निघतो, हे सांगायला नकोच. त्या गर्दीला मी दोष देत नाही. मीही तिच्यातलाच एक होतो. माझे म्हणणे एवढेच की, 'सर्वांत उंच' या दोन शब्दांनी त्या डोंगरावर गर्दी आणली आणि शेजारच्या शंभर डोंगरांवर शुकशुकाट. हीच माणसे आपापल्या गावामागच्या डोंगरावर गेली असती तर त्या शिखराचेही भले झाले असते.

आणि येथे मी माझ्या खऱ्या मुद्द्याशी येतो. गावामागच्या डोंगरावर जाणे ही केवळ हौस नव्हे. ती वहिवाट आहे.

वहिवाट! किती नेमका शब्द आपल्या पूर्वजांनी करून ठेवला आहे. वाहती राहिली तर वाट. इंग्लंड-वेल्समध्ये डोंगरात कोठेही हिंडा, शेताच्या कुंपणाला लाकडी पायरी केलेली आढळते. पलीकडे उतरून माणूस खुशाल दुसऱ्याच्या शेतातून चालू लागतो. पहिल्यांदा मला चोरासारखे वाटले होते. मग कळले की ती उदारता नव्हे, हक्क आहे. १९४९ च्या कायद्याने तेथल्या कौंटी कौन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशात चढलेली वाट मालकाला लहर लागली म्हणून बंद करता येत नाही. आणि एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे उघडपणे, हक्काने, बिनअडथळा चालत आले असतील आणि जमीन तशी देण्याचा इरादा नव्हता हे मालकाला दाखवता आले नाही, तर ती सर्वसाधारणपणे सार्वजनिक ठरते. म्हणजे त्या देशात माणसाचे पाय कायदा लिहू शकतात! २००० सालच्या कायद्याने तर मोकळ्या रानात वाट सोडूनही हिंडण्याची मुभा दिली, आणि वेल्समध्ये ती २००५ पासून अमलात आली. या कायद्यानेही ६०० मीटरवरची जमीन तेवढी डोंगर धरली आहे. पण कायदा करणारे शहाणे होते. त्यांनी त्याच ओळीत माळ, झुडपांचे रान आणि सामायिक गायराने यांनाही बसवले. उंचीने ज्यांना नाकारले त्यांना वहिवाटीने आत घेतले.

तेव्हा गार्थवर जाणारा प्रत्येक माणूस, कुत्रे घेऊन निघालेला म्हातारा असो की शाळा बुडवून आलेले पोर असो, नकळत एक सरकारी काम करत असतो. तो वाट जिवंत ठेवत असतो. आणि 'टेकडीच तर आहे' म्हणून घरी बसणारा माणूस ती पुसत असतो.

हे तीन शब्द किती घातकी आहेत ते गार्थवरूनच दिसते. त्याच्या खाली, खिंडीच्या तोंडाशी, त्याचा एक धाकटा भाऊ आहे. त्याला धाकटा गार्थच म्हणतात. आज तो बाहेरून डोंगर आणि आतून खड्डा आहे. खाणीने त्याचे पोट पोखरून खडी केली. खडी रस्त्यांना लागते हे मला कळते. त्या रस्त्यांवरून मीही जातो. पण पोखरायला नेहमी धाकटाच भाऊ का सापडतो? अर विद्वाला कोणी सुरुंग लावला असता तर साऱ्या देशात आकांत झाला असता. धाकट्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते. तो यादीत नसतो ना!

याच ताफच्या खोऱ्यात वर आबरव्हान नावाचे गाव आहे. दिवाळीच्या अंकात ही आठवण काढताना मन कचरते, पण काढल्यावाचून राहवत नाही. गावावरच्या डोंगरउतारावर खाणीतला गाळ आणि दगड टाकून ढीग रचलेले होते. सातव्या क्रमांकाचा ढीग झऱ्यांवर रचला होता. ते झरे नकाशात दाखवलेले होते. गावकऱ्यांना ठाऊक होते. शाळेच्या मागच्या ढिगाचा धोका पत्रे लिहून कळवलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो ढीग सुटला आणि शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ साली दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. मी हे कोणाविरुद्ध म्हणून सांगत नाही. तो न्याय होऊन गेला. मी एवढेच दाखवतो की डोंगर कोणाला ठाऊक असतो. ज्यांची रोजची ये-जा असते त्यांना. त्यांचे ऐकले नाही तर डोंगर फार कठोरपणे बोलतो.

आता आमच्या स्नेह्यांना एकच प्रश्न. २०२३ साली वेताळ टेकडीवर रस्ता आणि बोगदे करण्याच्या योजनेविरुद्ध पुण्याचे नागरिक रस्त्यावर उतरले होते. तुम्हीच मला ते मोठ्या अभिमानाने कळवले होते. पहाटे तेथे फिरायला जाता, मोर ऐकता, तेव्हा 'आमची टेकडी' म्हणता. त्या वेळी समोरचा पक्ष काय म्हणत असेल? "टेकडीच तर आहे!" तोच शब्द, तोच 'च'. तुमची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर आहे, म्हणून ती वाचणार नाही. तुम्ही आणि तुमच्यासारखी हजारो माणसे रोज पहाटे तिच्यावर जाता, म्हणून वाचली तर वाचेल. तेव्हा निदान तुम्ही तरी हा शब्द परक्याच्या डोंगराला लावू नका. तो फिरून घरी येतो.

असो. रागावून लिहिले, पण दिवाळीत राग फार वेळ धरू नये. शेवटी त्या दिवशीची एक गोष्ट सांगून हात धुतो. आम्ही मोठी माणसे चहा पीत होतो तेव्हा स्नेह्यांची कन्या मोजणीच्या खांबाभोवती फिरत होती. ढिगाऱ्याची हकीकत मी तिला सांगितली होती. तिने वडिलांना विचारले, "बाबा, आपण दिवाळीत किल्ला करतो तो किती उंच असतो?"

"असेल दोन फूट," बाबा म्हणाले.

"मग त्याला ढिगारा का नाही म्हणत?"

बाबांनी चकली तोंडात घातली. पुणेकराला उत्तर सुचले नाही की तो चकली खातो.

वाचकहो, या अंकाबरोबर तुमच्या अंगणातही एक किल्ला उभा असेल. पोरांनी कोठून कोठून माती आणली असेल, दगड रचले असतील, वर अळीव पेरले असेल, माथ्यावर महाराज बसवले असतील. त्याची उंची कोणी विचारणार नाही आणि विचारू नये. फराळ झाला, मुले दुपारची जरा थंडावली की त्यांना बरोबर घ्या आणि गावामागे जो काही उंचवटा असेल त्यावर चढा. नाव ठाऊक नसेल तर गुराख्याला विचारा. आणि माथ्यावर पोचल्यावर "संपलं?" असे मात्र म्हणू नका. ते ऐकायला कोणी तरी खाली मातीत असते.

आमच्या स्नेह्यांचे परवा पत्र आले. पुढच्या वर्षी पुन्हा यायचे म्हणतात. कन्येचा हट्ट आहे, "त्या डोंगरावर" जायचे. पत्रात शब्द 'डोंगर' असाच आहे. मी तो दोनदा वाचून खात्री करून घेतली.